की लार्गोचा निवडुंग: 'समुद्रात बुडून जगातून संपलेली पहिली वनस्पती' हा दावा तपासून पाहू

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका निवडुंगाची बातमी आली. तेव्हापासून ती मथळ्यांतून, फॉरवर्डमधून आणि चित्रफितींतून फिरते आहे. फिरता फिरता तिचं रूप साधारण असं झालं: "समुद्राची पातळी वाढल्यामुळे जगातून नामशेष झालेली ही पहिली वनस्पती. फ्लोरिडातल्या की लार्गो बेटावर १९९२ साली शोध लागला तेव्हा हिची दीडशे झाडं होती. तीस वर्षांत सगळी समुद्रात बुडाली. आज पृथ्वीवर एकही उरलेलं नाही." त्यावर दोन उलट दावेही येतात. एक म्हणजे, "प्राण्यांनी खाल्ला, वादळात पडला, समुद्राचा काही संबंध नाही." दुसरा, "शास्त्रज्ञ नुसते मोजत बसले. उचलून उंचावर लावला असता तर वाचला असता."

घटना खरी आहे आणि नुकसानही खरं आहे. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक विधान कुठेतरी घसरलेलं आहे, आणि या घसरण्याची किंमत मोजावी लागते. "जगातून संपली" असं एकदा मानलं की क्युबा आणि बहामांत उरलेल्या झाडांकडे बघायचं कारण उरत नाही. "बुडाली" असं मानलं की पाणी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी मातीत सुरू होणारी पडझड कुणी मोजत नाही. म्हणून एकेक विधान घेऊ.

"आज पृथ्वीवर एकही उरलेलं नाही"

हे सरळ चूक आहे. या निवडुंगाचं शास्त्रीय नाव पिलोसोसेरियस मिल्सपॉई. उत्तर क्युबा आणि बहामांच्या काही भागांत तो आजही रानात आहे. अमेरिकेत मात्र त्याची एकच जागा माहीत होती: की लार्गोवरच्या जॉन पेनेकँप कोरल रीफ स्टेट पार्कमधला चुनखडीचा एक बुटका उंचवटा, चहूबाजूंनी खारफुटी. ती जागा आता रिकामी आहे. एखाद्या प्रदेशातून जात जाणं म्हणजे स्थानिक उच्छेद. सगळ्या जगातून जाणं म्हणजे नामशेष होणं. बातमी ज्या शोधनिबंधावर आधारलेली आहे तो टेक्सासच्या बोटॅनिकल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात ९ जुलै २०२४ रोजी आला. त्याचं शीर्षकच प्रश्नार्थक आहे. समुद्रपातळीच्या वाढीशी जोडता येईल असा अमेरिकेतल्या संवहनी वनस्पतीचा (म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या वनस्पतीचा) हा पहिला उच्छेद आहे का, असं ते विचारतं. मथळ्यांनी आधी प्रश्नचिन्ह काढलं, मग 'अमेरिकेतल्या' हा शब्द काढला.

स्थानिक उच्छेद ही किरकोळ गोष्ट आहे असं मात्र कुणी समजू नये. एका देशाच्या वनस्पतींच्या यादीतून एक अख्खी जात रानातून गेली. शिवाय बेटाबेटांवर विखुरलेल्या जातीत प्रत्येक ठिकाणच्या झाडांचा जनुकीय साठा वेगळा असू शकतो. तो साठा क्युबातली झाडं भरून देतीलच असं नाही.

"१९९२ साली शोध लागलेली नवी जात"

१९९२ मध्ये सापडली ती जागा. जातीला नाव मिळालं १९०९ मध्ये. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ नथॅनियल लॉर्ड ब्रिटन यांनी तिला सेफॅलोसेरियस मिल्सपॉई म्हटलं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले चार्ल्स फ्रेडरिक मिल्सपॉ यांचं नाव तिला दिलं गेलं. याच दोघांनी पुढे १९२० मध्ये बहामांच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. १९५७ मध्ये जात पिलोसोसेरियस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, हलवली गेली. म्हणजे विज्ञानाला ती शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे, आणि ती मजकुरात येतच नाही. १९९२ मध्ये की लार्गोवरचा ताटवा सापडला तेव्हा तो मिल्सपॉई आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. फ्लोरिडा कीज या बेटमालिकेत त्याचा एक जवळचा भाऊबंद आहे, की ट्री कॅक्टस, म्हणजे पिलोसोसेरियस रॉबिनी. हे नाव १८६४ पासूनचं. तो कधीकाळी या बेटांवर मुबलक होता. बांधकामांनी अधिवास गेला, हौशी संग्राहकांनी झाडं उपटली, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य कायद्याखाली त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. नवा ताटवा याच जातीची जरा वेगळी दिसणारी वस्ती म्हणून धरला गेला. २०१९ मध्ये अ‍ॅलन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियन भागातल्या पिलोसोसेरियसची फेरमांडणी केली, तेव्हा कुठे हा मिल्सपॉई असल्याचं पक्कं झालं. तोवर ताटवा मरणपंथाला लागलेला होता.

इतका उशीर का झाला? फरक तर बराच ठळक आहे. मिल्सपॉईच्या फुलांच्या आणि फळांच्या बुडाशी लांब पांढऱ्या लोकरीचे दाट झुबके असतात. ती लोकर इतकी दाट की खोडावर बर्फ साचल्यासारखं दिसतं. काटे रॉबिनीच्या साधारण दुप्पट लांबीचे. पण लोकर येते ती फुलणाऱ्या भागावर. कोवळ्या, न फुललेल्या खोडाकडे बघून जात सांगू गेलं तर फसगत होते. काट्यांची लांबीही सावलीत आणि उन्हात बदलते. म्हणून तुलना करायची तर दोन्हीकडे पूर्ण वाढलेलं खोड, शेंड्यापासून सारख्या अंतरावरचे काटे आणि फूल किंवा फळ धरलेला भाग घ्यावा लागतो.

जुन्या नोंदी इथे फारशा मदतीला येत नाहीत, आणि याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. गवत किंवा झुडूप कागदात दाबून आठवड्याभरात वाळतं. निवडुंगाचं मनगटाएवढं जाड, पाण्याने भरलेलं खोड तसं दाबता येत नाही. ते उभं चिरायचं, आतला गर खरवडून काढायचा, सालीची पट्टी काट्यांसकट पसरायची, आडवा काप वेगळा वाळवायचा, फूल उभं कापून दाबायचं आणि हे सगळं उष्णतेवर झटपट करायचं, नाहीतर बुरशी धरते. रंग, वास आणि उंची तर चिठ्ठीवर लिहिली तरच उरते. एवढी खटपट सहसा कुणी करत नाही. म्हणून वनस्पतिसंग्रहांत अशा निवडुंगांचे नमुने थोडे, आणि असलेले बहुधा सालीचा एक तुकडा आणि सुकलेलं फूल एवढेच. त्यात नावांचा घोळ. याच बेटांवरच्या उंच निवडुंगांना १९०९ मध्ये सेफॅलोसेरियस कीएन्सिस आणि १९१७ मध्ये सेफॅलोसेरियस डीरिंगाय अशी नावं मिळाली. पुढे ती रॉबिनीतच सामावली गेली. अशा वेळी 'उंच, खांबासारखा निवडुंग दिसला' एवढीच जुनी नोंद हाती आली आणि सोबत नमुना नसेल, तर तिच्यावरून कोणती जात कुठवर पसरली होती हे ठरवू नये.

जातीचा उलगडा झाला नसता तर? तर २०२१ मध्ये हा ताटवा संपला त्याची नोंद 'रॉबिनीची एक वस्ती कमी झाली' एवढीच झाली असती. कोणी काय गमावलं हे कळायलाही वर्गीकरणाचं हे कंटाळवाणं वाटणारं काम आधी झालेलं असावं लागतं. अनेक बेटांवर ते अजून झालेलं नाही.

"दीडशे झाडं होती"

दीडशे खोडं होती. हा निवडुंग सहा मीटरहून उंच वाढतो आणि या गटातल्या निवडुंगांची वाऱ्याने मोडलेली फांदी जमिनीला टेकली की मुळं धरते. त्यामुळे शेजारी शेजारी उभी असलेली दहा खोडं ही दहा स्वतंत्र झाडं असतील किंवा एकाच जुन्या झाडाचे तुकडे. वरून बघून सांगता येत नाही, त्याला जनुकीय तपासणी लागते. म्हणून मोजणी खोडांची करतात. ती वर्षावर्षाला ताडून बघायची तर नियम एकच ठेवावे लागतात: जमिनीतून निघालेलं खोड एक धरायचं की प्रत्येक फांदी, आडवं पडून मुळं धरलेलं मोजायचं की नाही, अर्धं कुजलेलं जिवंतांत की मेलेल्यांत. हे नियम मध्येच बदलले तर आकड्यातली घट खरी की मोजणाऱ्याची, हे कळत नाही. दक्षिण फ्लोरिडात फेअरचाइल्ड ट्रॉपिकल बोटॅनिक गार्डनचे अभ्यासक आणि जागांचे व्यवस्थापक २००७ पासून कीजमधल्या सगळ्या वृक्ष-निवडुंगांची दरवर्षी पाहणी करत आले, म्हणूनच आज या घटनेबद्दल काही ठामपणे बोलता येतं.

"समुद्रात बुडाली"

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे.

आधी जागा समजून घेऊ. निवडुंग म्हटलं की वाळवंट डोळ्यांसमोर येतं. हा वाळवंटातला नाही. तो उष्ण कटिबंधीय, दमट बेटांवरच्या रुंदपानी जंगलाच्या सावलीत आणि कवडशांत वाढतो. या जंगलांना फ्लोरिडात हॅमॉक म्हणतात. खाली जुन्या प्रवाळांचा सच्छिद्र चुनखडक, त्यावर पानांच्या कुजण्यातून झालेला मातीचा पातळ थर. निवडुंगाची मुळं याच थरात, वरच्यावर पसरलेली. खोडात पाणी साठवायची सोय असल्यामुळे पावसाची ओढ त्याला सोसते. खारं पाणी सोसत नाही, कारण मातीत मीठ वाढलं की पाणी समोर असूनही मुळांना ते ओढता येत नाही, आणि ओढलं तर त्यासोबत सोडियम आत शिरतो.

आता समुद्र. की वेस्ट बंदरातली भरतीमापकाची सलग नोंद १९१३ पासूनची आहे. तिच्यावरून तिथली पातळी शंभर वर्षांत साधारण पाव मीटर चढलेली दिसते. पाव मीटरने हा उंचवटा पाण्याखाली जात नाही, आणि गेलेलाही नाही. पाव मीटरने बदलतं ते हे: पूर्वी पायथ्याशी थांबणारी उधाणाची भरती आता वर चढते आणि वादळाच्या लाटेला तेवढी जास्त मजल मिळते. उधाणाचं पाणी आणि वादळी लाटा मिळून मातीचा थर धुऊन नेऊ लागल्या. या जागी सुरुवातीला मातीचा स्पष्ट थर होता. शेवटी फारसं काही उरलं नाही. त्याच वेळी एरवी खारफुटीच्या पायाशी, मचूळ मातीत राहणाऱ्या क्षारसोशीक वनस्पती हळूहळू उंचवट्यावर सरकू लागल्या. ही खूण फार महत्त्वाची आहे. क्षारमापक यंत्र हाती नसतानाही, वर सरकणारी क्षारसोशीक झाडं मातीत मीठ चढत असल्याचं सांगतात.

मीठ धुऊन का जात नाही, हा पुढचा प्रश्न. कोकणातल्या खारभूमीत समुद्राचं पाणी शिरलं तरी पुढच्या पावसाळ्याच्या सरी मीठ बरंच खाली नेतात, आणि शेतकरी त्या हिशेबानेच भाताची वेळ धरतो. की लार्गोवर गणित उलटं बसतं. तिथला पावसाळा मे ते ऑक्टोबर. वर्षातली सगळ्यात मोठी उधाणं सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, म्हणजे पाऊस संपता संपता. मागे राहिलेलं मीठ पुढचा सगळा कोरडा हंगाम मुळांशी बसून राहतं. त्यात खडक इतका सच्छिद्र की गोड्या पाण्याचा थर जमिनीखाली टिकत नाही. कीजमधल्याच बिग पाइन की बेटाखाली गोड्या पाण्याचा थर तगून आहे, कारण तिथला वरचा खडक वेगळा आणि कमी झिरपणारा आहे. उत्तरेकडच्या की लार्गोला ती सोय नाही.

यानंतर घटनांचा क्रम बघा. २०११ मध्ये परिसरात उधाणाचं खारं पाणी शिरू लागलं. २०१५ मध्ये पाहणीला गेलेल्यांना साधारण निम्मा ताटवा मेलेला आढळला. खोडं प्राण्यांनी कुरतडलेली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ कीजवर धडकलं, दक्षिण फ्लोरिडात सुमारे दीड मीटरची लाट आली. की लार्गोचा सगळ्यात उंच बिंदू समुद्रसपाटीपासून साडेचार मीटरच्या आसपास. बेटाचे मोठे भाग कित्येक दिवस पाण्यात होते. २०१९ च्या उधाणांत बेटाचे बरेच भाग तीन महिन्यांहून अधिक काळ पाणथळ राहिले. २०२१ मध्ये दीडशे खोडांच्या जागी सहा आजारी तुकडे उरले.

यात 'बुडणं' कुठेच नाही. माती गेली, मीठ राहिलं, गोडं पाणी आटलं, खोडं कुरतडली गेली, वादळ आलं, पुन्हा मीठ आलं. उंचवटा आजही पाण्याच्या वर आहे.

"प्राण्यांनी खाल्ला, समुद्राचा काही संबंध नाही"

प्राण्यांनी खाल्ला हे खरं. २०१५ मध्ये कॅमेरे लावले होते, पण त्यानंतर एकही प्राणी खाताना टिपला गेला नाही, त्यामुळे नेमका कोण हे सांगता येत नाही. आता नीट विचार करायचा मुद्दा हा: कीजमध्ये निवडुंग कुरतडला जाणं मुळात विरळ, आणि इतक्या प्रमाणात ते तिथे कधीच नोंदलं गेलेलं नव्हतं. मग अचानक का? अभ्यासकांचा अंदाज असा की खाऱ्या पुरामुळे लहान सस्तन प्राण्यांना प्यायला गोडं पाणी मिळेना, आणि जंगलात उभं असलेलं ओलाव्याचं मोठं भांडार म्हणजे निवडुंगाचं खोड. दक्षिणेकडच्या बेटांवर पूर कमी आला, तिथे अशी कुरतड दिसली नाही. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि निबंधकारांनीही तो तसाच मांडला आहे. पण 'प्राणी की समुद्र' अशी निवड करायला लावणं चूक, कारण इथे एक कारण दुसऱ्याच्या पोटात असण्याची दाट शक्यता आहे.

उलट बाजूने, सगळं खापर एकट्या मिठावर फोडणंही योग्य नाही. भाऊबंद रॉबिनीवरचा २०१२ चा एक अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे, आणि समुद्रवादी व समुद्रविरोधी अशा दोघांनाही तो अडचणीचा आहे. १९९४ ते २००७ या काळात रॉबिनीची ८४ टक्के खोडं गेली. दक्षिणेकडच्या दोन सर्वांत मोठ्या वस्त्यांत ही घट ९९ आणि ८८ टक्के होती. तिथे त्या काळात नऊ वादळं येऊन गेली. पण तीन वस्त्यांत खोडं वाढली. मेलेल्या किंवा मरणाऱ्या १६ आणि जिवंत १८ झाडांभोवतीची माती तपासली, तर मेलेल्यांच्या भोवती मीठ दीडपट आढळलं. इथवर अपेक्षेप्रमाणेच. मात्र मेलेली झाडं जिवंत झाडांपेक्षा सरासरी १२ सेंटीमीटर उंचावर होती! शिवाय सगळ्या वस्त्या एकत्र धरल्यावर खोडांची घट आणि क्षार किंवा उंची यांचा ठाम संबंध दिसला नाही.

याचा अर्थ मीठ निर्दोष असा होत नाही. याच अभ्यासात रोपांना मोजून खारं पाणी दिलं. लिटरमागे साधारण २.३ ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियमच्या हिशेबाने समुद्राच्या पाण्याचा जेमतेम बारावा भाग. या पातळीच्या वर कोण तगतं हे मातृवृक्षाच्या वंशावर अवलंबून निघालं. दक्षिणेकडच्या बेटांच्या रोपांची वाढ खुंटली, मुळं खोडाच्या मानाने कमी झाली, पेशींत पोटॅशियमच्या तुलनेत सोडियम चढला. दुसऱ्या एका वंशाची रोपं तगली. म्हणजे एकाच जातीत काही वंश मीठ जास्त सोसणारे असतात. म्हणून 'उंचावर आहे तर सुरक्षित' किंवा 'सखल आहे तर गेलाच' असे ठोकताळे एका मीटरच्या आतबाहेर उपयोगाचे नाहीत. खोलगट जागा, झाडोऱ्याची सावली, मातीची जाडी आणि झाडाचा वंश मिळून निकाल ठरतो. की लार्गोच्या बाबतीत समुद्राकडे बोट दाखवायचं ते एका मोजमापावरून नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदीत पूर, धूप, क्षारसोशीक वनस्पतींचं सरकणं आणि मृत्यू एकामागोमाग एक येत गेले म्हणून.

"जगातली पहिली"

अमेरिकेतून अशी गेलेली पहिली ज्ञात संवहनी वनस्पती, एवढंच म्हणता येतं, आणि तेही प्रश्नचिन्हासह. ऑस्ट्रेलियाच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या ब्रँबल के या चिमुकल्या बेटावरचा मेलोमिस हा उंदीर २००९ नंतर दिसलेला नाही. २०१४ च्या शोधात एकही मिळाला नाही, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो नामशेष जाहीर केला. तो दुसरीकडे कुठेच नव्हता, त्यामुळे तिथे 'जगातून गेला' हे शब्द लागू पडतात. कीजमध्येच शुगरलोफ की बेटावर पाइनचं जंगल ८८ हेक्टरवरून ३० हेक्टरवर आल्याचा आणि त्याचा समुद्रपातळीशी संबंध असल्याचा अभ्यास १९९४ मध्येच छापून आला होता. तिथे जात गेली नाही, जंगल गेलं. म्हणून मथळा झाला नाही. 'पहिली' ठरवायला आधी कुणीतरी दरवर्षी मोजत असावं लागतं. बहुतेक उष्ण कटिबंधीय बेटांवर तसं कुणी नाही.

प्रत्येक जाण्याचं कारण समुद्रच असतं असंही नाही. कीजमधलाच सेमाफोर निवडुंग, कन्सोलिया कोरॅलिकोला, बिग पाइन कीवरून गेला तो रस्त्याच्या कामाने आणि संग्राहकांच्या चोरीने. त्याच बेटावर १९८९ मध्ये कॅक्टोब्लास्टिस हा निवडुंग पोखरणारा पतंग आढळला, आणि त्याच्या अळ्या आता उरलेल्या झाडांचा पिच्छा करतात. रानात या निवडुंगाच्या दोनच वस्त्या आहेत, लिटल टॉर्च की आणि स्वान की. दोन्ही सखल बेटं आहेत. की लार्गोनंतर लक्ष द्यायचं ते इथे.

"उचलून उंचावर लावला असता तर वाचला असता"

सहा मीटरचं, मुळं धरलेलं खोड उपटून नेता येत नाही. ते मोडतं आणि जखमेतून कुजतं. नेतात ते तुकडे आणि बिया. हे काम झालेलं आहे: २०१५ मध्ये निरोगी भाग वाचवले गेले, आणि २०२१ मध्ये उरलेले सहाही तुकडे, जिथे आहेत तिथे तगणार नाहीत हे ठरल्यावर, जाणीवपूर्वक काढून नेले. म्हणजे रानातला शेवटचा अंश समुद्राने नव्हे, माणसांनी हलवला, आणि ते योग्यच होतं.

अशा तुकड्यांचं पुढे काय करायचं याची रीत ठरलेली आहे. निर्जंतुक पात्याने कापत जायचं, कापाच्या मधलं वाहिन्यांचं कडं कुठेही तपकिरी दिसणार नाही तोवर. जाड खोड सावलीत, हवेशीर जागी एक-दोन आठवडे उभं ठेवायचं, कापावर कोरडी खपली धरली पाहिजे. मग भरड वाळू, खडी आणि अगदी थोडी माती, निचरा पूर्ण. मुळं धरेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. घाई केली की खालून मऊ पडतो. खाऱ्या मातीतून आलेल्या तुकड्याला जुनी माती चिकटलेली ठेवायची नाही. आणि प्रत्येक तुकड्याला तो कोणत्या खोडाचा, कोणत्या जागेचा याची चिठ्ठी, जी कधीही हरवता कामा नये. क्षार सोसण्याची ताकद वंशावर अवलंबून असू शकते हे वर आलंच. चिठ्ठी हरवली तर ती माहितीही गेली.

आता जपलेली झाडं परत लावायची चर्चा आहे, पण जागा निवडणं सोपं नाही. मातीचं मीठ एकदाच मोजून भागत नाही. उधाणांनंतर, कोरड्या हंगामाच्या शेवटी आणि पावसाळ्यात असं किमान तीनदा मोजावं लागेल. झाडोरा फार उघडा नको, फार दाटही नको. रॉबिनीच्या वस्तीशेजारी लावायचं तर संकराची शक्यता आधी तपासावी लागेल. प्राण्यांसाठी गोडं पाणी आसपास आहे का, हेही बघावं लागेल. इर्मानंतर बेटावरच्या वन्य प्राण्यांसाठी गोड्या पाण्याची लहान कुंडं ठेवावी लागली होती.

तोवर साठा एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं आहे. कोरल गेबल्समधली फेअरचाइल्ड बाग चक्रीवादळांच्याच पट्ट्यात येते. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने तिची प्रचंड हानी केली होती. म्हणून कलमांची एक जोडी आणि बियांचा एक हिस्सा किनाऱ्यापासून दूर, दुसऱ्या संस्थेकडे असायला हवा. बिया गरातून सोडवून, धुऊन, नीट सुकवून थंड आणि कोरड्या जागी ठेवल्या तर बहुतेक निवडुंगांच्या बिया वर्षानुवर्षं टिकतात, फक्त ठरावीक काळाने थोड्या रुजवून उगवण तपासत राहावी लागते.